चुरगळतं म्हणून काय झालं?

परवा एका लग्नात एका सद्‌गृहस्थांनी माझ्या लिननच्या सदऱ्यावर निकाल दिला : “नैसर्गिक कापड पाणी पितं, महाग पडतं, वर चुरगळतं. त्यापेक्षा पॉलिएस्टर बरं.” जेवण सोडून वाद नको म्हणून गप्प बसलो. आता बोलतो.

आधी पाणी. नैसर्गिक म्हटलं की या मंडळींना पाटपाण्याचा कापूसच दिसतो. लिनन कापसाचं नव्हेच; ते जवसाच्या खोडाच्या सालीतून निघतं. लांब धाग्याच्या जवसाचं मुख्य आगर म्हणजे नॉर्मंडीपासून बेल्जियम-नेदरलँड्सपर्यंतचा किनारपट्टा. वसंतात पेरलेलं पीक साधारण 100 दिवसांत तयार होतं, तेही बहुतेक पावसाच्या पाण्यावर. ते कापत नाहीत. मुळासकट उपटून शेतातच अंथरतात. मग काही आठवडे दव, पाऊस आणि ऊन. बुरशी खोडातला डिंक खाते, काड्या करड्या पडतात, मध्ये एकदा उलटवल्या की दुसरी बाजूही कुजते आणि साल सुटते. हौद लागत नाही, रसायन लागत नाही. पूर्वी हेच काम नद्यांत व्हायचं आणि बेल्जियमची लीस नदी त्यापायी घाण झाली, हे खरं. पण ती पद्धत तिथं केव्हाच मागे पडली; आक्षेप मात्र अजून नदीतच भिजत पडलाय!

कापडी की प्लास्टिक, या पिशव्यांच्या वादातही असाच एकतर्फी हिशेब झाला. कापडी पिशवीला किती पाणी लागतं ते मोजलं, प्लास्टिकच्या पिशवीनं नाला तुंबतो ते मोजलं नाही. 26 जुलै 2005 ला मुंबई बुडाली, तेव्हा तो हिशेब गुडघाभर पाण्यात उभं राहून करावा लागला.

महाग? हो, पण टिकतं. चुरगळतं? धागाच ताठ आहे, त्याला काय करणार! आणि पॉलिएस्टर खनिज तेलातून येतं, दर धुण्याला त्याचे बारीक तंतू पाण्यात जातात.

लिनन ओलं झालं की आणखी मजबूत होतं. माझ्या सदऱ्याची कॉलर धुऊन धुऊन मऊ झालीय, विरलेली नाही. इजिप्तमध्ये तरखानला सापडलेला लिननचा अंगरखा पाच हजार वर्षांहून जुना आहे.

आणि लिनन परकं म्हणाल, तर विदर्भात भात निघाल्यावर उरल्या ओलीवर जवस येतोच. तो तेलाचा, बुटका, फांद्यांचा. त्याचा धागा तितका लांब नाही, हे मान्य. पण त्याची काडी निदान कागदाला तरी चालते. ज्याची चटणी आपण भाकरीशी खातो, त्या झाडाचं कापड परकं कसं?