सहलीची बस माणगावला थांबावी

सुट्टीत वसतिगृहातील मुलांची एकदिवसीय सहल निघाली की बस पन्हाळ्याकडेच वळते. पन्हाळा अवश्य पाहावा; पण हातकणंगले तालुक्यातील माणगाव का वगळावे? तेथे पाहण्यासारखे काय, असे शिक्षकच विचारतात. तट-बुरूज नाहीत, हे खरे. मात्र 21 व 22 मार्च 1920 रोजी याच गावी भरलेल्या अस्पृश्य परिषदेचे अध्यक्ष 28 वर्षांचे बाबासाहेब होते आणि ‘तुम्हाला तुमचा पुढारी लाभला’ असे राजर्षी शाहू महाराजांनी स्वतः येऊन सांगितले. तेथून महामार्गाने सातारा गाठावा. 7 नोव्हेंबर 1900 रोजी ज्या शाळेच्या रजिस्टरात ‘भिवा’ हे नाव चढले, तिचे फाटक सुट्टीत बंद असले तरी चालेल. यंदाच वसतिगृहात दाखल झालेल्या मुलांनी जेवणाचे डबे तिच्यासमोरच उघडावेत.