दिव्याखालचा अंधार

बारा मे हा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिवस. त्या दिवशी देशातील लहानमोठ्या रुग्णालयांत दिवे लावून परिचारिकांचे गुणगान होते. सेवा, त्याग, ममता या शब्दांची खैरात होते. पुष्पगुच्छ घरी ठेवून त्यांतील कित्येकजणी त्याच रात्री आठ वाजता पाळीवर जातात. गुणगानाविषयी आमचे काही म्हणणे नाही. परंतु ज्या श्रमास एकदा त्याग म्हटले, त्याचे तास मोजण्याची कोणासही गरज वाटेनाशी होते, ही आमची तक्रार आहे.

दिल्लीत आमच्या सरकारी वसाहतीत, आमच्याच जिन्यात सर्वांत वरच्या मजल्यावर एक केरळीय परिचारिका राहतात. आमच्या घरी सारी त्यांना 'चेची' म्हणतात. पुष्कळ सरकारी रुग्णालयांप्रमाणे त्यांच्याकडेही पाळ्या तीन: सकाळी आठ ते दोन, दोन ते आठ, आणि रात्री आठ ते सकाळी आठ. रात्रीच्या पाळ्या संपल्या की सुटी मिळते, असे कागदावर आहे. प्रत्यक्षात ती विश्रांती जून महिन्यात तापलेल्या गच्चीखाली, कूलरच्या घरघरीत, भाजीवाला, कबाडीवाला आणि दारावरची घंटा यांच्या साथीने घ्यावयाची असते. मुलगा दीडला शाळेतून येतो, की झोप संपली.

गेल्या गणेशोत्सवात भरदुपारी आमच्या मंडळाचा कर्णा चालू होता. चेचींनी खाली येऊन आवाज कमी करण्याची विनंती केली. "दिवसाढवळ्या झोपण्याचे हे काय खूळ?" असे आमचे एक सभासद मराठीत म्हणाले. ते त्यांना कळणार नाही, अशी त्यांची समजूत. बारा वर्षांच्या मराठी शेजाराने चेचींना मराठी उत्तम समजते. त्या काही न बोलता वर गेल्या.

खूळ असेल तर ते शरीराचे आहे. उजेड व अंधार यांच्या तालावर चालणारे घड्याळ आपल्या पेशीपेशींत आहे; त्याच्या यंत्रणेचा शोध लावणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अमेरिकेत १९७६ पासून हजारो परिचारिकांच्या प्रकृतीची नोंद ठेवली जात आहे. तीस वा अधिक वर्षे फिरती रात्रपाळी केलेल्यांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण सुमारे ३६ टक्क्यांनी अधिक आढळले, असे त्या नोंदींवरून २००१ साली प्रसिद्ध झाले. रात्रपाळीची वर्षे वाढतील तसा मधुमेहाचा धोकाही वाढतो, असे २०११ साली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये, आणि फेरविचारानंतर २०१९ मध्ये पुन्हा, रात्रपाळीस 'बहुधा कर्करोगकारक' ठरविले. कर्करोगाशी हा संबंध न आढळलेल्या पाहण्याही आहेत, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. पण 'बहुधा' या एका शब्दावर फाइल वर्षानुवर्षे थोपवून धरण्याची कला आपल्या वर्गास अवगत आहे, म्हणून भीती वाटते.

"त्यांना भत्ता मिळतोच की!" असे कोणी म्हणेल. आमचे टेबल भत्त्यांचेच असल्यामुळे हिशेब सांगतो. परिचर्या भत्ता रात्र जागणारीस आणि न जागणारीस सारखाच. राहिला रात्रपाळीचा भत्ता. जुलै २०२० च्या केंद्रीय आदेशाने त्यासाठी मूळ वेतनाची कमाल मर्यादा ४३,६०० रुपये ठरविली. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे केंद्रीय रुग्णालयातील परिचारिकेचे मूळ वेतन सुरूच होते ४४,९०० पासून. म्हणजे पहिल्याच दिवशी ती तेराशे रुपयांनी श्रीमंत ठरते! आणि समजा, उद्या ही मर्यादा काढली, तरी पैशाने झोप कोठे विकत मिळते?

उपाय हवा तो पाळीपत्रकात. कारखान्यातील प्रौढ कामगारास १९४८ च्या कायद्याने दिवसास सामान्यतः नऊ तासांची मर्यादा घातली होती. परिचारिकेची एक रात्र बारा तासांची. दोन पाळ्यांमध्ये सलग बारा तासांची विश्रांती असावी, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९७७ सालीच केली आहे. संध्याकाळी आठला सुटलेल्या परिचारिकेस दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पुन्हा उभे केले, म्हणजे हे बारा तास कागदावर भरतात. त्यातून बसचा प्रवास, स्वयंपाक आणि पहाटेचे डबे वजा करून पाहावेत. पाळीपत्रक महिनाभर आधी मिळावे, आणि रात्रीचे दोन भाग व्हावेत. दुसरी गोष्ट करावयाची तर माणसे वाढवावी लागतात, आणि सारे घोडे तेथेच पेंड खाते.

नव्या पदांचे प्रस्ताव या मासिकाच्या कित्येक वाचकांच्या टेबलांवरून जातात. पूर्वी एका वेगळ्या विभागात असताना असाच एक प्रस्ताव आमच्यापुढे आला होता. "विद्यमान कर्मचारीवर्गात काम निभावत आहे, तूर्त वाढीची निकड दिसत नाही," अशी टिप्पणी आम्ही लिहिली. भाषा निर्दोष होती. वरिष्ठांनी त्याच दिवशी सही केली. काम कोणाच्या झोपेवर निभावत होते, हे विचारण्यास फाइलीत रकाना नव्हता, आणि आम्हीही तो पाडला नाही. तो प्रस्ताव आता पुन्हा वर येत आहे, असे ऐकतो. ज्यांच्या टेबलावर तो येईल त्यांनी आमची जुनी टिप्पणी पूर्वोदाहरण म्हणून कृपा करून जोडू नये.