तलाव गावाचा, मासा व्यापाऱ्याचा?

भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. आणि याच जिल्ह्याच्या बाजारात आंध्रातून बर्फात आलेला मासा विकला जातो. गावच्या तलावातला ताजा मासा पहाटेच व्यापाऱ्याच्या गाडीत बसून नागपूरकडे निघालेला असतो. बाजार असाच चालतो, असे शहाणे लोक सांगतात. आम्ही विचारतो, असा चालवतो कोण?

गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने हे तलाव बांधले. पुढे ते मालगुजारी तलाव म्हणून ओळखले गेले. कोहळ्यांच्या कसबाचे कौतुक होते, व्हायलाच हवे. पाळीवर माती वाहणारे इतर हात कोणाचे होते, हे मात्र फारसे कोणी लिहीत नाही. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले, मासेमारीचा ठेका सहकारी संस्थांना मिळू लागला. यातल्या बहुतेक संस्था ढिवरांच्या. कागदावर मालक ढिवर. पण ठेक्याची रक्कम, मत्स्यबीज, जाळे यांसाठी व्यापाऱ्याची उचल घ्यायची, मग मासा त्यालाच द्यायचा, तोही त्याने सांगितलेल्या भावात. अनेक ठिकाणी हेच चालते. याला सहकार म्हणायचे तर सावकारी कशाला म्हणायचे?

आमच्यातलेच काही तरुण यावर नाक मुरडतात. ‘बाबासाहेबांनी गाव सोडा म्हटले, जातीचे धंदे सोडा म्हटले; तुम्ही पुन्हा डोक्यावर टोपली देता!’ हा आक्षेप हलका नाही. मेलेली ढोरे ओढणे आपल्या बापजाद्यांनी सोडले, ते योग्यच केले. पण मासा किंवा भाजी कोणाला गुलाम करत नाही. भाव, काटा आणि वही दुसऱ्याच्या हातात असली की माणूस गुलाम होतो. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये बाबासाहेबांनी शेती राज्याच्या मालकीची करून गावकऱ्यांनी ती जातपात न पाहता सामुदायिकपणे कसावी, ही तरतूद थेट घटनेत मागितली होती. साधनांवरच्या मालकीकडे पाठ फिरवा, असे त्यांनी कुठे सांगितले?

अस्पृश्याच्या हातचे खाण्यापिण्याचे कोणी घेत नाही, म्हणून गावात विक्रीचा धंदाच त्याला बंद, हेही त्यांनीच दाखवून दिले. आज आमच्या बायांची वांगी, मेथी खपते. दूध किंवा शिजवलेले अन्न म्हटले की आधी आडनाव विचारले जाते. बचत गटाला लोणचे-पापडाचे प्रशिक्षण देऊन हा प्रश्न सुटत नाही. (प्रशिक्षणाचे फोटो मात्र छान येतात.) याच भंडाऱ्याने १९५४ च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेबांना पाडले होते. त्यामुळे ‘समाज बदलला’ हे प्रमाणपत्र आम्ही घाईने देणार नाही.

तरीही करता येते. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या साथीने भंडारा-गोंदियातल्या ढिवरांनी काही तलावांतले बेशरम उपटले, पाण्यातल्या देशी वनस्पती पुन्हा लावल्या, आणि कटला-रोहूच्या नादात हरवत चाललेले देशी मासे परतू लागले. तलाव कसा जगतो हे ज्ञान या लोकांकडेच होते. दुकान मात्र अजून त्यांचे नाही.

ते दुकान व्हावे, ही आमची मागणी आहे. ढिवरांची संस्था आणि बौद्ध, आदिवासी बायांचे गट यांनी मिळून गावातच एक काटा लावावा. सकाळचा मासा आणि वाडीतली भाजी आधी गावात विकावी, उरेल ते नागपूरला जावे. अंगणवाडीला आणि शाळेला भाजी इथूनच जावी. पहिली दोन वर्षे उचलीऐवजी खेळते भांडवल जिल्हा परिषदेने द्यावे. ठेका वसूल करताना तिला संस्थेची आठवण बरोबर होते.

१९२७ साली चवदार तळ्यावर आपण पाण्यावरचा हक्क बजावला. तलावातून जे निघते, त्यावरचा हक्क बाकी आहे. ढिवर आज भटक्या जमातींच्या यादीत आहेत, आपण दुसऱ्या यादीत. व्यापाऱ्याच्या वहीत मात्र दोघेही एकाच पानावर आहोत. तेव्हा आपल्या गावातल्या ढिवर मित्राला सोबत घ्या आणि संस्थेच्या पुढच्या आमसभेआधी सभासदांची यादी मागा. टोपली घेऊन मासे विकणाऱ्या बायांची नावे त्यात किती, हे आधी मोजा.