मऊ प्लॅस्टिकचा कठीण प्रश्न

भांडगाव, यवत, केडगाव या दौंड तालुक्याच्या पट्ट्यात कुठल्याही शेतकऱ्याच्या घरी दोन प्रकारच्या नळ्या दिसतात. एक विहिरीवरून उसाच्या फडापर्यंत गेलेला कडक पाइप. दुसरी अंगणात गुंडाळून ठेवलेली, हवी तशी वळणारी मऊ नळी. दोन्ही बहुधा पीव्हीसीच्याच. मूळचे पीव्हीसी कडक असते. ते मऊ व्हावे म्हणून त्यात तेलासारखा दाट द्रव मिसळतात. त्याला प्लॅस्टिसायझर म्हणतात. थॅलेट हा त्यातला सर्वाधिक वापरला गेलेला रसायनसमूह. मऊ पीव्हीसीच्या काही वस्तूंच्या वजनात ३० ते ४० टक्के वाटा या द्रवाचाच असतो.

अडचण अशी की, हा द्रव प्लॅस्टिकशी रासायनिक बंधाने जोडलेला नसतो, नुसता मुरलेला असतो. उष्णता मिळाली, तेला-तुपाचा स्पर्श झाला किंवा नुसता काळ गेला, तरी तो हळूहळू बाहेर पडतो. जुना रेनकोट कडक होऊन तडकतो, त्याचे हेही एक कारण. बाहेर पडलेले थॅलेट अन्नातून, धुळीतून आणि हातातोंडातून आपल्या शरीरात येते. १९७० मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे रुडॉल्फ येगर आणि रॉबर्ट रुबिन यांनी पीव्हीसीच्या पिशवीत साठवलेल्या रक्तात ते उतरल्याचे दाखवले. पुढे अमेरिकेतील पाहण्यांत तपासलेल्या बहुतेक लोकांच्या लघवीत त्याचे अंश सापडले.

घाबरून जाण्याचे कारण नाही. शरीर थॅलेट साठवून ठेवत नाही, एक-दोन दिवसांत बरेचसे बाहेर टाकते. पण रोज नवे येत राहिले तर टाकण्याला अर्थ उरत नाही. काही थॅलेटमुळे प्राण्यांच्या पोटातील नर गर्भाच्या जननेंद्रियांची वाढ बिघडते, हे प्रयोगांत सिद्ध झाले आहे. माणसांतील अभ्यास संबंध दाखवतात, निर्विवाद पुरावा देत नाहीत. तरीही युरोपीय संघाने डीईएचपीसारखी थॅलेट प्रजननाला घातक ठरवली, ती याचमुळे. काळजी घ्यायची ती मुख्यतः गर्भवती स्त्रियांची आणि हाताला लागेल ते तोंडात घालणाऱ्या बाळांची.

युरोपने २००५ मध्ये खेळण्यांतील अशा थॅलेटवर ०.१ टक्क्याची मर्यादा घातली. आपल्याकडे दिल्लीच्या 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट'ने २०१० मध्ये बाजारातील खेळणी तपासून त्यांत थॅलेट असल्याचे उघड केले. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय खूण सक्तीची झाली आणि खेळण्यांच्या भारतीय मानकांत थॅलेटचा स्वतंत्र भाग आहे. हे चांगलेच झाले. पण आठवडे बाजारात सुट्या विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर ती खूण आहे का, हे कोण पाहते? आणि रेनकोट, दप्तर, टेबलावरचे मऊ कव्हर यांत कोणते प्लॅस्टिसायझर आहे, हे गिऱ्हाइकाला कसे कळावे?

त्यातच 'थॅलेटमुक्त' या शब्दाची भर पडली आहे. वस्तू मऊ असेल, तर थॅलेटच्या जागी दुसरे काही आलेलेच असते. डिंच हा असाच एक पर्याय, २००२ मध्ये बाजारात आला. जर्मनीत जपून ठेवलेल्या लघवीच्या नमुन्यांत २००३ पर्यंत त्याचा मागमूस नव्हता. २०१२ च्या जवळपास सर्व नमुन्यांत त्याचे अंश सापडले. प्राण्यांवरील चाचण्यांत तो थॅलेटपेक्षा सौम्य ठरला आहे, हे खरे. दगडापेक्षा वीट मऊ! पण थॅलेटचे दोष कळायला कित्येक दशके लागली, हे विसरून पर्यायाला आधीच निर्दोष ठरवणे शहाणपणाचे नाही.

घरात करण्याजोगे बरेच आहे. ढाब्यावरून गरम रस्सा आणायचा तर स्टीलचा डबा न्यावा. लोणचे आणि तेल काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत ठेवावे. वडे-भजी वर्तमानपत्रात बांधून घेऊ नयेत. भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्येच तसा इशारा दिला आहे. बाळाचे हात जेवणाआधी धुवावेत, फरशी ओल्या फडक्याने पुसावी. आणि विनाकारण धास्ती नको: कडक पीव्हीसी पाइपात हा द्रव जवळजवळ नसतो आणि पाण्याच्या पेट बाटलीच्या रासायनिक नावात 'थॅलेट' आले, तरी ते रसायन वेगळे आहे.

मात्र डबा नेणे ग्राहकाच्या हाती आहे, प्रयोगशाळा नाही. मऊ प्लॅस्टिकच्या प्रत्येक वस्तूवर तिच्यातील प्लॅस्टिसायझरचे नाव छापणे सक्तीचे करावे आणि तालुक्याच्या बाजारातील नमुने नियमित तपासून निष्कर्ष जाहीर करावेत. खताच्या गोणीवर आतील घटक छापलेले असतात. बाळाच्या तोंडात जाणाऱ्या वस्तूबाबत त्याहून कमी माहिती का असावी?