संशोधनाच्या बैठकीत रुग्णाची खुर्ची

नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावर आपल्याकडे वर्षानुवर्षे कॅनामायसिनची इंजेक्शने दिली जात. बहुधा रोज एक, आणि तीही किमान सहा महिने. १९५७ साली जपानमध्ये सापडलेले हे औषध जंतूंबरोबरच कानाच्या आतल्या सूक्ष्म केसपेशीही मारते आणि माणसाच्या कानात मेलेली केसपेशी पुन्हा उगवत नाही. आधी कानात शिट्टीसारखा आवाज घुमू लागतो. मग घंटा, पाखरांची किलबिल असे वरच्या पट्टीतले आवाज नाहीसे होतात आणि काहींच्या बाबतीत अखेर समोरच्या माणसाचे बोलणेही. रुग्ण हे सांगत होते. केसपेपरवर त्याची नोंद झालीच तर ‘दुष्परिणाम’ म्हणून होई आणि जीव वाचवायचा तर एवढे सोसावेच लागेल, असे उत्तर मिळे. २०१८ मध्ये ‘द लॅन्सेट’ने २५ देशांतील १२ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यात कॅनामायसिन मिळालेल्यांच्या उपचारांचे निष्पन्न ते न मिळालेल्यांपेक्षा चांगले नव्हते, उलट वाईट होते. अशा विश्लेषणाला मर्यादा असतात हे मान्य करूनही हा निष्कर्ष हादरवणारा आहे. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध वापरू नये अशी शिफारस केली. इंजेक्शनाशिवाय बरे होता येणार नाही का, हा रुग्णाच्या तोंडचा साधा प्रश्न संशोधकांच्या टेबलावर पोहोचायला काही दशके लागली. तोवर ज्यांचे कान गेले ते गेलेच.

वैद्यकीय संशोधनात आणि आरोग्यसेवेच्या सुधारणेत रुग्णाला भागीदार करून घ्या, ही मागणी आता जगभर होते आहे. आपल्याकडे ती ऐकली की अनेकांना हा सौजन्याचा किंवा सहानुभूतीचा विषय वाटतो. आमच्या मते तो विज्ञानाच्या गुणवत्तेचा विषय आहे. कोणताही अभ्यास काय शोधायचे आणि काय मोजायचे, या दोन निर्णयांवर उभा असतो. हे दोन्ही निर्णय आज प्राध्यापक, निधी देणाऱ्या संस्था आणि औषध कंपन्या घेतात. थुंकीतील जंतू कधी गेले, किती दगावले, किती जणांनी उपचार मध्येच सोडले हे मोजले जाते आणि ते मोजायलाच हवे. पण कामावर परत कधी जाता येईल, ऐकू येत राहील का, रोजच्या उलट्यांनी पोटात अन्न ठरेल का, हे रुग्णाचे हिशेब त्या तक्त्यात क्वचितच येतात. सगळे ठरून झाल्यावर रुग्णाला बोलावले जाते ते संमतिपत्रावर सही करायला. २०१९ च्या नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचण्यांच्या नियमांनुसार नीतिमत्ता समितीत किमान सात सदस्य असतात आणि त्यांत एक सामान्य नागरिक असावा लागतो. ही तरतूद चांगली आहे. पण हा नागरिक त्या आजाराचा रुग्ण असेलच असे नाही आणि आराखडा त्याच्यापुढे येतो तेव्हा मूळ प्रश्न कधीच ठरून गेलेला असतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुधारलेल्या हेलसिंकी जाहीरनाम्याने संशोधनाआधी, संशोधन चालू असताना आणि नंतरही सहभागींशी व त्यांच्या समाजाशी अर्थपूर्ण संवाद असावा, असे सांगितले आहे. आपले नियम अजून सहीपाशीच थांबले आहेत.

या उशिराची किंमत समजून घ्यायला क्षयरोगाइतके दुसरे उदाहरण नाही. जगातील साधारण चौथा हिस्सा क्षयरुग्ण भारतात आहेत. २०२५ पर्यंत क्षयरोग हटवण्याचे उद्दिष्ट देशाने ठेवले होते. २०१५ मध्ये लाखामागे २३७ असलेले नव्या रुग्णांचे प्रमाण २०२३ मध्ये १९५ पर्यंतच उतरले होते. या आजाराचा भुकेशी संबंध आहे हे कोणत्याही वस्तीतला रुग्ण सांगेल. मात्र १९५९ साली मद्रासच्या क्षयरोग केंद्रातील प्रसिद्ध अभ्यासाने घरी राहून, निकृष्ट आहार घेऊनही औषधांच्या जोरावर रुग्ण बरे होतात, असे दाखवले. त्या अभ्यासामुळे लाखोंची सॅनेटोरियमच्या सक्तीतून सुटका झाली, हे त्याचे मोठे श्रेय. पण आहाराचा प्रश्न त्यानंतर जणू निकालात निघाला. तो पुन्हा कसोशीने तपासला गेला तो थेट २०१९ ते २०२२ या काळात, झारखंडच्या चार जिल्ह्यांतील ‘रेशन्स’ चाचणीत. क्षयरुग्णांच्या घरच्यांना माणशी दरमहा पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या गेल्या. एवढ्यावर कुटुंबातील नवा क्षयरोग ३९ टक्क्यांनी घटला. थुंकीच्या तपासणीत सिद्ध होणारा ४८ टक्क्यांनी. डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या या कामाचे जगभर कौतुक झाले आणि ते योग्यच आहे. तरीही मनात येते की साठ वर्षांपूर्वीच प्रश्नांच्या यादीत रुग्णाचा हात असता, तर ‘बाई, गोळ्या घेते, पण वर खाऊ काय?’ हा प्रश्न इतका काळ परिचारिकेच्या टेबलापाशीच विरून गेला असता का?

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. रुग्णाला विज्ञान कळत नाही. तो भावनेच्या भरात बोलतो, घाई करतो, न तपासलेली औषधे मागतो. या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. मरणाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला पुराव्याची वाट पाहायला वेळ नसतो. पण इतिहास काय सांगतो? अमेरिकेत एड्सच्या साथीत, ऑक्टोबर १९८८ मध्ये रुग्ण आणि कार्यकर्त्यांनी तिथल्या औषध प्रशासनाच्या मुख्यालयाला वेढा घातला तो औषधे लवकर मिळावीत म्हणून. पुढे हीच मंडळी विषाणुशास्त्र आणि संख्याशास्त्र शिकली, सरकारी चाचण्यांच्या समित्यांवर बसली. आणि १९९४ मध्ये याच चळवळीतून निघालेल्या ‘ट्रीटमेंट अॅक्शन ग्रुप’ने साक्विनाविर या नव्या औषधाला घाईने परवानगी देऊ नका, आधी मोठी चाचणी करा, अशी मागणी केली. चळवळीतल्या इतर अनेकांना ती पटली नाही, कडाक्याचे वाद झाले. बैठकीत जागा मिळाली की रुग्ण पुराव्याची किंमत ओळखतो, कधी तज्ज्ञांपेक्षा अधिक कठोरपणे, हेच त्यातून दिसले. आपल्या जवळचे उदाहरणही आहे. क्षयरोगाच्या औषधांनी ऐकण्याची शक्ती गमावलेल्या मुंबईच्या पत्रकार नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी २०१९ मध्ये बेडाक्विलिन या औषधाच्या दुय्यम पेटंटला भारतीय पेटंट कार्यालयात हरकत घेतली. महाराष्ट्रातील एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या संघटनेचीही हरकत होती. औषध तेच, क्षार तेवढा वेगळा, आणि त्यावर २०२७ पर्यंत मक्तेदारी, असा तो मामला होता. मार्च २०२३ मध्ये अर्ज फेटाळला गेला, जुलैमध्ये मूळ पेटंट संपले आणि इंजेक्शनाची जागा घेणारे हे औषध इतर उत्पादकांना खुले झाले. पेटंट कायद्यातल्या बारकाव्यांवर बोट ठेवून जिंकलेल्या या लढाईनंतर ‘रुग्णाला काय कळते’ असे म्हणणे अवघड जावे.

दुसरा आक्षेप आम्हाला अधिक गंभीर वाटतो. समितीवर कोणता रुग्ण बसणार? इंग्रजी येणारा, शहरातला, बोलका. मेळघाटातली आई किंवा भिवंडीचा यंत्रमाग कामगार तिथे पोहोचणार नाही. त्यातही काही रुग्णसंघटना औषध कंपन्यांच्या पैशावर चालतात. रुग्णाच्या तोंडून कंपनीच बोलू लागली तर या भागीदारीला काय अर्थ? ही भीती खरी आहे, म्हणूनच ही व्यवस्था सदिच्छेवर सोडून चालणार नाही. सार्वजनिक निधीतून होणाऱ्या संशोधनात रुग्णप्रतिनिधीचा खर्च त्याच निधीतून व्हावा, त्याने कंपनीकडून काही घेतले असल्यास ते जाहीर व्हावे आणि रोजंदारी बुडवून येणाऱ्याला त्या दिवसाचा मोबदला मिळावा. दहा प्राध्यापकांमध्ये एकटा रुग्ण बसवला तर तो ‘साहेब म्हणतात ते बरोबर’ म्हणून मान डोलावेल, हे आपल्या समाजात डॉक्टरला दिल्या जाणाऱ्या मानाकडे पाहता उघड आहे. म्हणून किमान तिघे हवेत, त्यांना आधी काही दिवसांचे प्रशिक्षण हवे आणि कागद त्यांना समजेल अशा मराठीत हवेत. आजच्या अनेक संमतिपत्रांसारख्या कोर्टकचेरीच्या भाषेत नकोत. या सगळ्यात वेळ जाईल, ही तक्रारही होईल. पण दर आठवड्याला तालुक्याहून तपासणीला या, असे लिहून ठेवलेली चाचणी रुग्ण न मिळाल्याने रखडते तेव्हा जाणारा वेळ कोणी मोजत नाही. ते वेळापत्रक पाळता येणार नाही, हे एखाद्या रुग्णाने पहिल्याच बैठकीत सांगितले असते.

महाराष्ट्राला हे परके वाटायचे कारण नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी दवाखाना उभारताना आदिवासींना विचारले, तेव्हा मोठ्या इमारतींची भीती वाटते, नातेवाइकांना सोबत राहता आले पाहिजे, असे उत्तर आले. म्हणून त्यांचा शोधग्राममधला दवाखाना झोपड्यांच्या वस्तीसारखा उभा राहिला आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले. त्याच जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये डॉ. राणी बंग यांनी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे दाखवले. तपासलेल्यांपैकी जेमतेम ८ टक्के स्त्रियांची त्याआधी कधी अशी तपासणी झाली होती. बाळंतपण आणि कुटुंबनियोजन यांपलीकडे बायकांना काही दुखणे असते, हे आरोग्य खात्याच्या ध्यानी नव्हते. बायकांना ते ठाऊक होते. सेवासुधारणेच्या बाबतीत तर २००७ पासून राज्यातील पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीचा प्रयोग सुरू झाला. गावकऱ्यांनीच प्राथमिक आरोग्य केंद्राला हिरवा, पिवळा किंवा लाल शेरा द्यायचा आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर बाहेरून आणायला लावलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या ठेवायच्या. अधिकाऱ्यांना ते सुखाचे नव्हते, पण त्या सुनावण्यांनी कित्येक केंद्रांचा कारभार ताळ्यावर आणला. प्रश्न विचारण्याची ही सवय आरोग्य केंद्राच्या ओट्यावरून संशोधनाच्या दालनापर्यंत न्यायची आहे.

त्यासाठी नवा कायदा होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेला सहा महिन्यांचा, इंजेक्शनाविना असलेला नवा उपचार औषधप्रतिरोधी क्षयरोगासाठी आता लागू होतो आहे. त्यातील लिनेझोलिडमुळे हातापायांच्या नसांना इजा होऊ शकते. मुंग्या येतात, पाय बधिर होतात. कॅनामायसिनच्या वेळी कानांचे झाले ते आता पायांचे होऊ द्यायचे नसेल, तर या लक्षणांची नोंद कशी आणि किती वेळा घ्यायची हे रुग्णांसोबत बसून ठरवावे लागेल. जिल्हा आणि राज्य पातळीवर क्षयरोग फोरमची तरतूद आहे, उपचार पूर्ण केलेले ‘टीबी चॅम्पियन’ आहेत. आज त्यांच्याकडून मुख्यतः प्रचाराचे काम करून घेतले जाते. राज्याच्या आरोग्य विभागाने या फोरमपुढे नव्या उपचाराचा दर तीन महिन्यांचा आढावा ठेवावा, तिथे झालेले निर्णय जिल्हा रुग्णालयाच्या फलकावर मराठीत लावावेत. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने क्षयरोगावरील निधीच्या अर्जात एक रकाना सक्तीचा करावा: हा प्रश्न ठरवताना कोणत्या रुग्णांशी बोललात आणि त्यांच्या सांगण्यावरून आराखड्यात काय बदलले? तो रकाना कोरा असलेला अर्ज परत पाठवावा.