निम्मी रक्कम आणि शेजारची शाळा

३ डिसेंबर २०२० रोजी माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ जाहीर झाले. रक्कम दहा लाख डॉलर, म्हणजे सात कोटी रुपयांच्या वर. डिसले सरांनी लगेच निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांना देऊन टाकली. नायजेरिया, ब्राझील, व्हिएतनाम, दक्षिण आफ्रिका अशा देशांतल्या त्या शिक्षकांच्या वाट्याला प्रत्येकी सुमारे पंचावन्न हजार डॉलर आले. विजेत्याने असे वाटे घालण्याची या पुरस्काराच्या इतिहासातली ही पहिलीच वेळ.

आपल्याकडे कौतुक झाले ते त्या दानतीचे. ते योग्यच. पण आमच्या लेखी मोठी गोष्ट त्याच्या आधीच घडून गेली होती. पाठ्यपुस्तकातल्या धड्याला क्यूआर कोड जोडायचा, म्हणजे मूल घरी बसून कविता ऐकेल, चित्रफीत पाहील, ही कल्पना परितेवाडीत वापरात आली. ती राज्यापुढे मांडली गेली, तिचा प्रयोग झाला आणि २०१७ मध्ये राज्याने पहिली ते बारावीच्या पुस्तकांसाठी ती स्वीकारली. कल्पना शाळेच्या भिंतीआड राहिली असती, तर परितेवाडी ‘आदर्श शाळा’ ठरली असती, चार गाड्या भरून पाहुणे येऊन गेले असते, आणि विषय संपला असता.

पुढे डिसले सरांची रजा आणि प्रतिनियुक्ती यांवरून वाद रंगले. त्यांचा निवाडा करण्याची ही जागा नव्हे. पण पुरस्कारांची रीतच अशी की एकाच्या गळ्यात हार पडला की बाकीच्यांना दोनच कामे उरतात, टाळ्या वाजवणे किंवा खोट काढणे. सोबत काम करण्याची तिसरी जागा कोणी आखूनच ठेवलेली नसते.

आपल्या रोजच्या कामात ती कुठे आहे, ते पाहू. शाळेला किती शिक्षक मिळायचे, ती संचमान्यता पटावर ठरते. पट घसरला की एक शिक्षक अतिरिक्त ठरतो. म्हणून ‘गुढीपाडवा, पट वाढवा’ ही घोषणा निघाली की दोन किलोमीटरवरच्या दोन जिल्हा परिषद शाळा एकाच वस्तीवर दाखलपात्र मुले शोधत फिरतात. आपल्याकडे हंगाम सुरू झाला की साखर कारखाने एकमेकांच्या हद्दीतला ऊस पळवतात, त्यातलाच हा प्रकार. एकूण मुले तेवढीच राहतात, गुरुजींची चप्पल तेवढी झिजते. आणि पलीकडची इंग्रजी माध्यमाची पिवळी बस दोन्ही शाळांसमोरून मुले घेऊन जाते.

‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ अभियानात तालुक्यात पहिल्या येणाऱ्या शाळेला तीन लाख, राज्यात पहिल्या येणाऱ्या शाळेला ५१ लाख रुपये ठेवले होते. या पैशातून कित्येक शाळांचे रूप पालटले, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र शेजारच्या शाळेने तुमच्याकडून काय उचलले, यालाही गुण ठेवायला काय हरकत आहे? मूल्यांकन समितीने भिंतीवरची रंगरंगोटी जरूर पाहावी, पण पलीकडच्या गावात जाऊन तिथल्या बाईंना एक प्रश्नही विचारावा.

मुलांचेही आपण तेच करतो. दहावी-बारावीची गुणवत्ता यादी राज्य मंडळाने बंद करून बरीच वर्षे झाली. चौकाचौकातल्या फ्लेक्सवर ती क्लासवाल्यांनी चालू ठेवली आहे. शिष्यवृत्ती आणि नवोदयच्या जागा मोजक्या आहेत, तिथे चुरस राहणारच. मुलांना तिची तयारी करून द्यायलाच हवी. पण परिसर अभ्यासाच्या तासाला कोणत्या जागा कमी पडतात? तिथे पहिले बोट कोणाचे वर, याची शर्यत कशाला?

१९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुले पहिल्यांदाच एका वर्गात आली आणि भांडणे सुरू झाली. मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन यांनी पाहिले की वर्गाची रचनाच मुलांना एकमेकांविरुद्ध उभी करते आहे. त्यांनी धड्याचे पाच-सहा तुकडे केले. गटातल्या प्रत्येकाला एकच तुकडा. बाकीचा धडा सोबत्यांच्या तोंडून ऐकूनच कळणार. अडखळत बोलणाऱ्या मुलाची टर उडवली तर आपलाच धडा अपुरा राहतो, हे मुलांना दोन-चार दिवसांत उमजले. आपल्या चौथीच्या ‘शिवछत्रपती’तला एखादा पाठ असा सहज वाटता येतो.

यात एक खाच आहे. वाचनात कच्च्या मुलाला त्याचा तुकडा थेट गटात मांडायला लावला, तर त्याची फजितीच होते. म्हणून एकच तुकडा मिळालेली वेगवेगळ्या गटांतली मुले आधी एकत्र बसवून तयारी करून घ्यायची. द्विशिक्षकी शाळेत चौथीत पाचच मुले असतील तर असे गट पडणारच नाहीत. तिथे दोनच तुकडे करावेत आणि तयारीला तिसरीची मुले जोडीला द्यावीत. त्यात तिसरीच्या मुलांचेही वाचन होते.

हीच रीत केंद्राच्या शिक्षण परिषदेला का लावू नये? महिन्याकाठी दहा-बारा शाळांचे शिक्षक एकत्र येतात, परिपत्रके वाचली जातात, एखादे सर यशोगाथेचे सादरीकरण करतात, चहा होतो, पांगापांग. त्याऐवजी प्रत्येक शाळेने गणितातला एकेक घटक वाटून घ्यावा, वर्गात शिकवून पाहावा आणि मुले नेमकी कुठे अडली तेवढे येऊन सांगावे. हातच्याच्या वजाबाकीत मुले कुठे घसरतात हे दहा शाळांकडून कळले, तर अकराव्या शाळेचा महिना वाचेल.

पटाचे निकष आपल्या लिहिण्याने बदलणार नाहीत. शाळा निवडण्याचा हक्क पालकांचा आहे, तोही राहील. पण पाडव्याआधी दोन शाळांच्या मुख्याध्यापकांनी एकत्र बसून कोणत्या वस्तीवर कोणी जायचे ते ठरवायला आणि इंग्रजी माध्यमात निघालेल्या मुलांच्या घरी जोडीने जायला कोणत्याही आदेशाची गरज नाही.