त्याला किती लागलं?

पोरानं शेजारच्या मुलाला दगड मारला, तर आपल्याकडे घरात पुढे काय होतं? एक तर पाठीत धपाटा बसतो. नाहीतर आई अबोला धरते. ताटात वाढते, अंथरूण घालते, पण तोंडातून शब्द नाही. आणि क्वचित कुणीतरी त्या कार्ट्याचं मनगट धरून त्याला शेजारी नेतं, कपाळावरची खोक दाखवतं आणि विचारतं, ‘बघ, त्याला किती लागलंय?’

मार्टिन हॉफमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९७०च्या सुमारास पालकांच्या शिस्तीचे प्रकार लावले, ते जवळजवळ हेच आहेत: धाक, मायेची कोंडी आणि समजावणं. त्याचं म्हणणं असं, की दुसऱ्याला काय झालं हे दाखवून देणाऱ्या घरातल्या मुलांची सदसद्विवेकबुद्धी जास्त पक्की होते. धपाट्यानं मूल एवढंच शिकतं, की सापडायचं नाही.

अबोल्याकडे मात्र आपण फार कौतुकानं पाहतो. ‘आमच्या आईनं कधी हात उगारला नाही, नुसतं बोलणं बंद केलं की आम्ही सरळ,’ असं अभिमानानं सांगणारी माणसं प्रत्येक घरात भेटतात. अबोला चालतो, कारण मुलाचा आईवर जीव असतो. पण त्यात दगड लागलेला मुलगा कुठेच नाही. मुलाच्या डोक्यात राहतं ते एवढंच, की आई तुटली आणि तिला परत मिळवायचंय. माझा असा अंदाज आहे, की ही मुलं अठराव्या वर्षी घर सोडतात, तेव्हा आईची जागा खोलीतली चार पोरं घेतात. त्यांनी बोलणं टाकू नये म्हणून मग ती काहीही करायला, किंवा काहीही नुसतं बघत उभी राहायला तयार होतात.

महाविद्यालयात शिकवत असताना काही वर्षं वसतिगृहाचं काम माझ्याकडे होतं. रॅगिंगविरोधी कायदा राज्यात १९९९ साली आला, दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आली, प्रवेशाच्या वेळी पालकांच्या सह्या आल्या. तरी मला कोडं पडायचं ते छळणाऱ्या एकदोघांचं नाही, भिंतीला टेकून हसणाऱ्या बाकीच्यांचं. चांगल्या घरची मुलं. घरी शुभंकरोती झालेली, वडीलधाऱ्यांच्या पाया पडणारी. आणि एखाद्या वर्षी त्यांच्यातलाच कुणी, अभ्यासात बेताचा, सरळ उठून म्हणायचा, ‘बास कर रे, रडतोय तो.’ हा कुठून येतो?

या प्रश्नाचा सगळ्यात मोठ्या पटावरचा शोध सॅम्युअल आणि पर्ल ऑलिनर या दांपत्यानं घेतला. सॅम्युअल मूळचे पोलंडमधले ज्यू. १९४२मध्ये, बारा वर्षांचे असताना, त्यांचं कुटुंब नाझींनी मारलं आणि बाल्विना नावाच्या एका शेतकरी बाईनं त्यांना आसरा दिला, ख्रिस्ती मुलगा म्हणून खपून जावं यासाठी प्रार्थना पाठ करून घेतल्या. मोठेपणी समाजशास्त्रज्ञ झाल्यावर त्यांनी ज्यूंना लपवणाऱ्या ४००हून अधिक जणांच्या मुलाखती जमवल्या आणि त्यांच्याच आसपास राहून काही न केलेल्यांच्याही. १९८८ साली पुस्तक आलं. वाचवणाऱ्यांना घरची जवळीक जास्त आठवत होती, मार कमी आणि समजावणं जास्त. आज्ञाधारकपणावर त्यांच्या घरी भर कमी होता. चाळीस वर्षांनंतरच्या आठवणी आईबापांना जरा उजळूनच दाखवतात, हे धरलं तरी शेवटचा मुद्दा आपल्याला टोचायला हवा. आपण ‘ऐकतो सगळं’ हे मुलाचं सर्वात मोठं प्रशस्तिपत्र मानतो.

जीव लावणं ही पहिली अट, यात शंका नाही. जॉन बोल्बीनं १९४४मध्ये लंडनच्या ४४ चोरट्या मुलांचा अभ्यास छापला. त्यातली १४ मुलं कुणाबद्दलच माया नसलेली निघाली आणि त्यातली १२ लहानपणी दीर्घकाळ आईपासून तुटलेली होती. पण मुलगा पास व्हावा म्हणून परीक्षा केंद्राच्या भिंतीवर चढून कॉपी पुरवणाऱ्या बापाचाही मुलावर जीवच असतो की.

या मायेचं काय करायचं, हे साने गुरुजींच्या आईला उमगलं होतं. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’मध्ये एका म्हातारीची मोळी रस्त्यात पडते. ती अस्पृश्य मानलेली, म्हणून कुणी हात लावत नाही. आई श्यामला पाठवते: जा, तिच्या डोक्यावर चढवून दे, मग येऊन आंघोळ कर. त्या आंघोळीवर आज कुणीही बोट ठेवील आणि ते रास्तच आहे. विहिरीत उडी मारायला घाबरणाऱ्या श्यामला हीच आई शिमटीनं झोडपते, तेही विसरू नये. ती आदर्श पालक नव्हती. पण मुलाचं तोंड तिनं स्वतःकडून वळवून त्या म्हातारीकडे केलं. मुलगा मग आईच्या पुढे गेला: १ मे १९४७ रोजी पंढरपूरचं विठ्ठल मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून तो उपोषणाला बसला. आंघोळ मागे राहिली.

ज्यांना घरी हे मिळालं नाही, त्यांचं अठराव्या वर्षी सगळं संपलेलं असतं, असं मी मानत नाही. गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या शाळेत शिकवत, छात्रालय सांभाळत. मुलांच्या खोल्या झाडत, कपडे धूत, आजाऱ्याच्या उशाशी बसत आणि त्यांच्यासाठी ‘छात्रालय दैनिक’ स्वतःच्या हातानं लिहीत. हल्ली बऱ्याच वसतिगृहांच्या दारात बोटाचा ठसा घेणारं यंत्र असतं. पोरगा साडेनऊला आत आला, हे त्यातून रेक्टरला कळतं, घरीही मेसेज जातो. साडेबाराला कुठल्या खोलीत कोण रडतंय, हे बघायला माणूस हवा, अशी जाहिरात काढणारी संस्था मला अजून भेटायची आहे.